आमच्या घरची कात्री

आमच्या लहानपणीं घरांत दोन वस्तूंना हात लावण्याची मुलांना सक्त मनाई असे. एक वडिलांची उधारीची वही, आणि दुसरी त्यांची कात्री. वहीस हात लावण्याचा मोह आम्हांस कधीं झाला नाहीं. तींत आंकड्यांखेरीज कांहीं नव्हतें, आणि आंकड्यांशीं आमचें तेव्हांही फारसें सख्य नव्हतें. कात्रीची गोष्ट वेगळी होती. शिवणाचें दुकान घराच्या ओटीवरच असल्यामुळें ती दिवसभर नजरेसमोर असे. रात्रीं काम संपलें म्हणजे वडील तिच्या खिळ्यावर तेलाचा एक थेंब सोडीत, चिंधीनें पातीं पुशीत आणि फडक्यांत गुंडाळून ती वरच्या फळीवर ठेवीत. एखादे दिवशीं त्यांना जेवावयास उशीर झाला, तर आई आम्हां भावंडांना म्हणे, "थांबा, कात्री निजायची आहे अजून."

ती कात्री मीरतेची. त्या शहरास आतां सर्वत्र मेरठ म्हणतात. परंतु वडिलांच्या तोंडीं जुनेंच नांव बसलें आहे, व आमच्याही कानांना तेंच गोड लागतें. १९६९ सालीं मिरजेस त्यांनीं स्वतःचें दुकान मांडलें, तेव्हां यंत्र उधारीवर आणलें, पण कात्री मात्र रोख पैसे देऊन घेतली. बारा इंच लांबीची, पितळी मुठीची, वजनानें अर्ध्या किलोहून थोडी अधिक. तिची किंमत दुकानाच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढी पडली होती, असें आई पुढें अनेक वर्षें सांगत असे. आणि सांगतांना तिच्या आवाजांत तक्रार अधिक कीं अभिमान अधिक, हें आम्हांस कधीं नीट कळलें नाहीं.

एवढी जड कात्री हवी कशाला, असा प्रश्न ज्यांनीं एका वेळीं एकच कापड कापलेलें आहे, त्यांना पडणें साहजिक आहे. पण आमच्या ओटीवर या शाळेचे गणवेश बेतले जात. खाकी ड्रिलचे आठ आठ थर एकावर एक पसरून, वर खडूनें आंखून, ते एकाच वेळीं कापावयाचे असत. हलकी कात्री अशा थरांत शिरते खरी, पण मध्येंच थर सरकतात, आणि वरच्या चड्डीचें माप खालच्या चड्डीस उरत नाहीं. जड कात्रीचें खालचें पातें मेजावर सपाट टेंकून चालतें, मूठ वर वळलेली असल्यामुळें कापड उचलावें लागत नाहीं, आणि वजन स्वतःच अर्धें काम करतें. वडील कापूं लागले म्हणजे तिचा एक विशिष्ट आवाज होई. त्या आवाजावरून आम्ही आंतल्या खोलींत बसून सांगत असूं कीं, आज ड्रिल आहे कीं पॉपलिन.

कात्री म्हणजे दोन सुऱ्या एका खिळ्यानें बांधलेल्या, असा पुष्कळांचा समज असतो. तसें नाहीं. चांगली कात्री मिटून उजेडासमोर धरावी. दोन्ही पात्यांच्या मध्यें बारीक फट दिसेल. खिळ्यापाशीं पातीं टेंकतात आणि टोंकाशीं टेंकतात, मध्यें नाहीं. प्रत्येक पातें किंचित् बाहेर वांकविलेलें असतें व आंतल्या अंगास किंचित् पोकळ घांसलेलें असतें. कात्री मिटूं लागली म्हणजे दोन धारा कोणत्याही क्षणीं एकाच बिंदूवर भेटतात, आणि तो बिंदु खिळ्यापासून टोंकापर्यंत धांवत जातो. कापड कापतो तो हा बिंदु. म्हणूनच एका कात्रीचें पातें दुसरीस चालत नाहीं; तीं दोन एकमेकांसाठींच घडविलेलीं असतात. इंग्लंडांतील शेफील्ड गांवीं पातीं जुळविणाऱ्या कारागिरास 'पटर', म्हणजे जोडणारा, असें साधेंच नांव आहे. पण तें काम हातास बसावयास वर्षें लागतात.

हें सर्व ज्ञान आम्हांस चौदाव्या वर्षीं असतें, तर पुढील प्रकार घडला नसता.

आमच्या कात्रीस धार लावण्याचें काम एका वृद्ध शिकलगारांकडे असे. आम्ही त्यांना चाचा म्हणत असूं. मिरजेंत शिकलगारांचें नांव काढलें कीं सतारीची आठवण निघावयाचीच. शस्त्रें घडविणाऱ्या व त्यांना धार लावणाऱ्या या मंडळींपैकींच फरीदसाहेब सतारमेकर यांनीं एकोणिसाव्या शतकांत तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला. आणि मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. आमचे चाचा मात्र धारेपाशींच राहिले होते. दगडावर पाणी सोडीत, हातानें, सावकाश काम करावयाचें ही त्यांची रीत. कात्री एकदां त्यांच्याकडे गेली कीं दोन दिवस परत येत नसे, आणि ते दोन दिवस वडील बटणें व काजीं यांतच घालवीत.

१९८१ सालच्या मे महिन्यांत गणवेशाचें काम नेहमीहून अधिक आलें होतें. कात्रीची धार उतरली होती, व दोन दिवस थांबण्याची सोय नव्हती. अशांत वडील कापडाच्या खरेदीसाठीं एक दिवस सांगलीस गेले. स्टेशनच्या रस्त्यावर विजेच्या चाकावर धार लावणारा एक माणूस आम्हीं पाहून ठेवला होता. पांच मिनिटांत काम! वडील परत येण्यापूर्वीं कात्रीस धार लावून आणावी, आणि त्यांनीं शाबासकी द्यावी, असा बेत आम्हीं मनाशीं केला. कात्री फडक्यांतून काढतांना हात थोडा कांपला, हें खरें. पण बेत इतका उदात्त वाटत होता कीं, मनाई मोडल्याचें भान राहिलें नाहीं.

चाकास पातें लागतांच ठिणग्यांचा फवारा उडाला. आम्ही तर हरखूनच गेलों. कोरड्या चाकावर दाबून धरलेलें पातें आधीं गवतासारखें पिवळसर झालें, मग जांभळें, आणि शेवटीं मोराच्या पिसासारखें निळें. तो रंग आम्हांस फार सुंदर दिसला. त्या माणसानें पातें उलटून आंतलें अंगही सपाट घांसून दिलें, तेव्हां तर त्यानें पदरचें काम केलें असें वाटून आम्ही त्याचे आभार मानले.

ज्यांना ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों. पोलादास तापवून पाणी देतात, म्हणजे तें कठीण होतें. पुन्हां बेतानें थोडें तापवितात, म्हणजे त्याचा ठिसूळपणा जातो. त्या मापाहून अधिक तापलें कीं कठीणपणा उतरतो. धारेवर उमटलेला निळा रंग ही त्याचीच खूण. आणि आंतलें अंग सपाट केलें कीं पोकळी गेली. मग दोन धारांची भेट ठिकाणावर होत नाहीं. अशा रीतीनें पांच मिनिटांत दोन्ही गुण गेले होते.

वडिलांनीं संध्याकाळीं कात्री हातांत घेतली, ड्रिलवर चालविली, आणि तिसऱ्याच घावास कापड पात्यांत चावलें. त्यांनीं ती दिव्यासमोर धरली. निळी रेघ पाहिली. मग एवढेंच विचारलें, "पाणी सोडीत होता का तो चाकावर?" आम्ही म्हणालों, "नाहीं." त्यांनीं कात्री फडक्यांत गुंडाळली आणि फळीवर ठेविली. त्यांनीं त्या दिवशीं आम्हांस दोन चपराका दिल्या असत्या, तर आज हा लेख लिहिण्याचें कारण उरलें नसतें.

पुढें महिनाभर त्यांनीं आठ इंची लहान कात्रीनें दोन दोन थर कापले. उजव्या अंगठ्याच्या बुडाशीं फोड आला, तो फुटला, त्यावर चिंधी बांधून ते कापीत राहिले. शाळा उघडली तरी निम्मे गणवेश तयार नव्हते. दोन गिऱ्हाइकें कापड परत घेऊन गेलीं. या अंकाच्या वाचकांत असे पालक असतील कीं, जे त्या जून महिन्यांत आमच्याबरोबर या शाळेंत होते व ज्यांच्या चड्डीचा एक पाय दुसऱ्याहून बोटभर आंखूड होता. दोष आमच्या वडिलांचा नव्हता, हें इतक्या वर्षांनीं त्यांना सांगावेंसें वाटतें.

चाचांनीं कात्री पाहिली आणि मान हलविली. जळलेला भाग घांसून काढतां येईल, ते म्हणाले, पण आंतली पोकळी पुन्हां आणणें हें आपलें काम नव्हे. ज्या गांवची ती, त्या गांवींच ती न्यावी. मीरतेस जाण्यायेण्याचें भाडें त्या काळीं आमच्या घरास झेपणारें नव्हतें. वडिलांनीं पावसाळ्यानंतर दुसरी, साधी कात्री घेतली. पहिली फळीवर राहिली. दर खंडेनवमीस ती खालीं काढावयाची, तिला तेल लावावयाचें आणि पुन्हां ठेवावयाची, हा क्रम चाळीसांहून अधिक वर्षें चालला. तिच्याविषयीं एक अक्षरही कोणी बोलत नसे.

आतां आमच्या धाकट्या कन्येची गोष्ट सांगावयास हवी, कारण तिच्यामुळेंच हा विषय पुन्हां निघाला. तिनें पदवी घेतली, आणि नोकरी न शोधतां ती आजोबांच्या ओटीवर येऊन बसली. जाड कॅनव्हासच्या पिशव्या व दप्तरें शिवण्याचा तिनें उद्योग मांडला आहे. वडिलांचें वय आतां पंचाऐंशीच्या घरांत आहे. ते स्वतः कापीत नाहींत, पण शेजारीं बसून तिला बेतावयास शिकवितात. या शिकवणींत एकच अडचण होती. मुलगी डावखुरी. कॅनव्हासचे तीन थर घेतले कीं तिच्या हातीं कात्री चावूं लागे, आणि आजोबा म्हणत, "हात बदल, बाळ. कात्री उजव्याच हाताची असते." तिनें सहा महिने हात बदलण्याचा प्रयत्न केला. आंखलेल्या रेघेवरून कात्री सरके, कापड वायां जाई, आणि आजोबांना वाटे कीं पोरीचें लक्ष नाहीं.

वास्तविक यांत लक्षाचा कांहींच प्रश्न नव्हता. उजव्या हातानें मूठ मिटतांना अंगठा नकळत बाहेर रेटतो आणि बोटें आंत ओढतात. त्या दाबानें पातीं एकमेकांस घट्ट भिडतात. तीच कात्री डाव्या हातीं दिली कीं हाच दाब उलटा पडतो, पातीं फांकतात, आणि कापड त्यांच्यामध्यें दुमडून बसतें. शिवाय वरचें पातें खडूच्या रेघेच्या आड येतें, तें निराळेंच. डाव्या हाताच्या म्हणून बाजारांत मिळणाऱ्या कात्र्या आम्हीं मागवून पाहिल्या. बऱ्याचशा मुलांच्या खेळण्याच्या; एक मोठी आली, तिची केवळ मूठ उलट्या बाजूची होती, पातीं उजवींच. विकणाऱ्यानें जोडा उलटा घातला तरी पाय बदलत नाहीं, एवढा विचारही केला नव्हता.

अखेर गेल्या हिवाळ्यांत आम्ही बापलेक गोवा एक्सप्रेसनें निघालों. पिशवींत वडिलांची जुनी कात्री होती. आम्हीं ती त्यांना विचारून घेतली होती. ते "ने" एवढेंच म्हणाले.

दिल्लीपासून मेरठ सुमारें सत्तर किलोमीटर. १८५७ च्या १० मे रोजीं जेथें उठाव झाला तें हें शहर, म्हणून पाठ्यपुस्तकांतून आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण आम्हांस तेथें भेटलें तें कात्र्यांचें शहर. कात्री घडविण्याचा हा धंदा तेथें सुमारें साडेतीनशें वर्षें चालत आला आहे असें सांगतात, आणि २०१३ सालीं मेरठच्या कात्रीस भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे. गल्लींत शिरतांच घांसण्याच्या चाकांचा आवाज कानीं येतो. दुकानांत तिला कैंची म्हणतात, आणि तिच्याविषयीं एक म्हण प्रत्येकाच्या तोंडीं आहे: 'दादा ले, पोता बरते'. आजानें घ्यावी आणि नातवानें वापरावी. आमच्याबरोबर नात होती, हें पाहून एका दुकानदारानें ती म्हण दोनदां ऐकविली. आणि लगेच एक चकचकीत, हलकी, स्वस्त कात्री पुढें केली, जी पोता जन्मण्यापूर्वींच मोडली असती. तिचा खिळा ठोकून बुजविलेला होता. जी कात्री उघडतां येत नाहीं, ती दुरुस्तही करतां येत नाहीं. सबब ती आम्हीं बाजूस ठेविली.

शेवटीं एका वृद्ध कारागिराच्या कारखान्यांत पोंचलों. कारखाना म्हणजे दोन अंधाऱ्या खोल्या. एका कोपऱ्यांत मोटारींच्या तुटक्या कमानींचा व इतर जुन्या लोखंडाचा ढीग. तेंच पोलाद तापवून, ठोकून त्याचीं पातीं होतात. जुनीं भांडीं वितळवून मुठी ओततात. कोणी ठोकतो, कोणी ओततो, कोणी कानशीनें मूठ साफ करतो, कोणी चाकावर बसतो. चाकावर बसणाऱ्याच्या भुंवयांवर पोलादाची धूळ बसलेली होती, आणि तो मधून मधून खोकत होता. स्वस्त चिनी कात्र्यांनीं धंदा बसत चालला आहे व मुलें या कामांत येऊं इच्छीत नाहींत, असें वृद्धानें सांगितलें. तो खोकला ऐकल्यावर मुलांना नांवें ठेवण्यास आमची जीभ वळेना.

डाव्या हातासाठीं बारा इंची हवी, असें सांगतांच त्यांनीं मुलीच्या हातीं एक उजवी कात्री व कॅनव्हासचा तुकडा दिला. "कापून दाखव, बेटी." तिनें कापलें, कापड चावलें. ती ओशाळली. वृद्ध मात्र तिच्या चेहऱ्याकडे नव्हे, अंगठ्याकडे पाहत होते. त्यांनीं अंगठ्याची जाडी दोऱ्यानें मोजली आणि तीन दिवसांनीं या म्हणून सांगितलें.

मग आम्हीं जुनी कात्री पुढें ठेविली. त्यांनीं ती उघडली, दाराच्या उजेडांत धरली, आणि मूठ ओळखीची असल्यासारखा तिच्यावरून हात फिरविला. नंतर धारेवरच्या निळ्या रेघेवर बोट ठेवून विचारलें, "हिला जाळलें कोणी?"

अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाच्या कानाच्या पाळ्या तापाव्या, असा तो प्रश्न नव्हता. तरी तापल्या. आमच्या शेजारीं आमची कन्या उभी होती, व तिला ही हकीकत कोणीं कधीं सांगितली नव्हती. आम्ही म्हणालों, "आम्हीं."

"वय काय होतें?"

"चौदा."

वृद्धांनीं मान डोलविली, आणि खिळा काढून दोन पातीं वेगळीं केलीं.

तिसऱ्या दिवशीं आम्हांस दोन्ही कात्र्या तयार होतांना पाहावयास मिळाल्या. जुन्या पात्याची धार ओल्या चाकावर, थांबून थांबून, पाण्यांत बुडवून, सुमारें एक सूतभर मागें घेतली. निळी रेघ संपली, आणि खालीं पांढरें, शाबूत पोलाद निघालें. तें इतकीं वर्षें तेथेंच होतें. आंतली पोकळी पुन्हां घांसली. मग जुळणी. पातें लोखंडी ठोकळ्यावर ठेवून लहान हातोडीचा एक हलका घाव. कात्री मिटून उजेडासमोर धरावयाची. पुन्हां उघडून दुसरा घाव. हा प्रकार अर्धा तास चालला. घाव कोठें व किती जोरानें हें पाहून शिकतां येईल अशी आमची कल्पना होती. ती दहा मिनिटांतच आम्हीं सोडून दिली. शेवटीं ओल्या मलमलीची एक पट्टी घेऊन ती खिळ्यापासून टोंकापर्यंत कापली. आवाज आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखा आला. टोंकानें कापड ओढलें नाहीं. जड कात्री घेणारानें हीच परीक्षा करावी. कागद कापून दाखविणाऱ्या दुकानदारावर विश्वासूं नये. कागदांत खडू व चिनी मातीसारखे पदार्थ मिसळलेले असतात, ते धार खातात. आणि सुकें, ताठ असें कांहींही कोणतीही कात्री थोडा वेळ कापतेच. ओलें मऊ कापड खोटें बोलत नाहीं.

नव्या कात्रीची किंमत भरपूर होती व ती आम्हीं घासाघीस न करतां दिली. जुनीची मजुरी त्यांनीं इतकी थोडी सांगितली कीं, तिचा आंकडा येथें लिहिण्यास संकोच वाटतो.

परत येतांना आगगाडींत कन्येनें विचारलें, "बाबा, आजोबांनीं तुम्हांला कांहींच म्हटलें नाहीं?" आम्ही म्हणालों, "नाहीं." तिनें थोडा विचार केला आणि म्हणाली, "मला तर रोज म्हणतात." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

घरीं पोंचल्यावर वडिलांनीं आधीं जुनी कात्री घेतली. फडकें सोडलें, पातीं दिव्यासमोर धरलीं. पातीं थोडीं अरुंद झाल्याचें त्यांच्या लक्षांत आलें असावें. त्यांनीं धारेच्या कांठावरून नखाचें पाठपोट फिरविलें. मेजावर ड्रिलचा एक तुकडा होता. त्याची चौघडी करून त्यांनीं एकच लांब घाव घातला. तो आवाज आम्हीं चाळीस वर्षांहून अधिक काळानें ऐकला. त्यांनीं तुकडा जुळवून पाहिला, आणि कात्री आमच्या हातांत न देतां आपल्या मांडीवर ठेविली.

मग त्यांनीं नवी मागितली. नवी कात्री ती नवीच, तिची परीक्षा आपणच करावयाची, हा त्यांचा हक्क. म्हणून कोणी कांहीं बोललें नाहीं. त्यांनीं ती उजव्या हातांत धरली व कॅनव्हासवर चालविली. कापड चावलें. त्यांनीं मूठ नीट धरून पुन्हां चालविली. पुन्हां चावलें. पंचाहत्तर वर्षें कात्री धरलेल्या त्या हातानें तिसऱ्यांदा प्रयत्न केला, आणि कॅनव्हास पात्यांच्या मध्यें दुमडून अडकला. रेघ कोठें आहे हें पाहण्यासाठीं त्यांना मान वांकडी करावी लागत होती. आमची कन्या पुढें झाली, तिनें ती आपल्या डाव्या हातांत घेतली, आणि तोच तुकडा टोंकापर्यंत सरळ कापून दाखविला.

वडील बराच वेळ त्या कापलेल्या कांठाकडे पाहत राहिले. नंतर म्हणाले, "सहा महिने मी तुला हात बदल म्हणत होतों."

"हो, आजोबा."

त्या रात्रीं ते आणखी कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही ओटीवर गेलों, तों शेजारच्या दोन मुलांना बोलावून त्यांनीं कापण्याचें मेज फिरवून घेतलें होतें. १९६९ पासून तें एकाच जागीं होतें. फरशीवर त्याच्या चार पायांच्या चार पांढऱ्या खुणा दिसत होत्या. खिडकीचा उजेड जो इतकीं वर्षें कापणाराच्या डाव्या बाजूनें येई, तो आतां उजवीकडून येत होता.